तेवीस किलोंत घोंगडी बसत नाही

घाटनांदूर,
मंगळवार, सकाळी सव्वाआठ

ती. मनकर्णा आत्यास,

योगिताचा पाया पडून नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजव्याचं विचारत नाही, कारण मागच्या भेटीत तू चाळीस मिनिटं फक्त डाव्याबद्दल बोललीस, त्याअर्थी उजवा ठीक असावा.) म्हैस अजून दूध देते की आटली? हे पत्र तुझी नात संस्कृती तुला वाचून दाखवणार, हे मी धरून चालले आहे. संस्कृती, कंसात असेल ते मनातल्या मनात वाचायचं आणि पुढे जायचं. गुडघ्याचं वाचून झालं असेल तर झालं, इथून पुढे सांभाळ.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. आत्या, तू फोन उचललास की आधी स्पीकर लावतेस आणि मग 'कोण हाय?' विचारतेस. माझी मागची पगारवाढ नांदूरघाटच्या तुमच्या गल्लीला माझ्या आईच्या आधी कळली होती. शिवाय मला जे सांगायचं आहे ते क्रमाने सांगायचं आहे, आणि फोनवर तू क्रम लागू देत नाहीस. तेव्हा पत्र. ते बंकटकाका उद्या केजला जाताना तुझ्या दारात देतील. पाकीट पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलं आहे. फाटलेलं मिळालं तर कुणी फाडलं हे शोधायला फार लांब जायला नको.

मी बोटीवर नोकरीला चालले आहे, असं आईने तुला सांगितलं असेल. ते साधारण निम्मं खरं आहे. नोकरी पुण्यातलीच आहे. आमची कंपनी वारा, तापमान, आर्द्रता मोजणारी यंत्रं बनवते. त्यांतली पाच यंत्रं एका जहाजावर बसवली आहेत. हे जहाज प्रवाशांना पृथ्वीच्या अगदी खालच्या टोकाला, अंटार्क्टिकाला बर्फ दाखवायला नेतं. लोक हौसेने जातात, म्हणजे आपल्याकडे गारपीट झाली की जे आपण रडत बघतो ते ते लोक मुद्दाम जाऊन बघतात. यंत्रांवर बर्फ साचला की ती खोटं सांगायला लागतात, म्हणून सहा आठवडे बरोबर एक माणूस हवा होता. आमच्या विभागात चौघं. एकाचं लग्न, एकाला घारापुरीच्या होडीतसुद्धा उलट्या झालेल्या, एकाच्या पासपोर्टवर नाव चुकलेलं. मी उरले. घरी मात्र 'सगळ्यांत हुशार म्हणून निवडली' असं सांगितलं जात आहे. मी ते खोडलेलं नाही. समुद्र मी आजवर दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा वाळूवरून.

येत्या रविवारी निघायचं आहे. सामान भरायला पंधरा दिवस सुट्टी घेऊन घरी यावं, हा निर्णय पूर्णपणे माझा. पुण्यात हेच काम एका संध्याकाळी झालं असतं.

सामानाची चौतीस ओळींची यादी जहाजाने पाठवली आहे. वजनाची मर्यादा तेवीस किलो. यादी मी घरात मोठ्याने वाचली, ही पहिली चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी बंकटकाका आले. आमच्या गल्लीत थंडी हा विषय त्यांच्याकडे असतो, कारण सहा वर्षांपूर्वी ते केदारनाथला जाऊन आलेत आणि तिथे एकूण चार तास होते. त्यांनी यादी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि आपली यादी सांगितली : नाकाला कापराची पुडी, कानात कापूस, छातीला बनियनच्या आत वर्तमानपत्र. वर्तमानपत्र मराठीच हवं, इंग्रजीचा कागद पातळ असतो. मग त्यांनी चौकशी केली, 'तिथं धरमशाळा कोणची हाय?' मी म्हटलं, नाही. 'मंग लोक काहून जायलेत?' जाताना त्यांनी स्वतःची माकडटोपी काढून दिली. म्हणाले, 'घे. केदारनाथ बघून आलेली हाय, हिला सगळं ठावं हाय.' मी नियम पुन्हा वाचला. 'टोपीने दोन्ही कान पूर्ण झाकले गेले पाहिजेत' एवढंच लिहिलं आहे. माकडटोपी नियमात बसते. ठेवली.

पुढे लोकरीचं. अंगाला लागून घालायचे कपडे मेरिनो लोकरीचे हवेत, असं यादी म्हणते. मेरिनो ही परदेशातली मेंढी. आपल्या घरात मेंढरं किती पिढ्यांची आहेत हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत, आणि मी लोकरीचे दोन सदरे कुरियरने मागवले. कागदासारखे पातळ, एकेक एकशे नव्वद ग्रॅम. आप्पांनी, म्हणजे तुझ्या भावाने, त्यातला एक दोन बोटांत धरला, चुरगाळला, नाकाशी नेला. म्हणाले, 'ही लोकर न्हाई.' मी पाकिटावरचा मजकूर दाखवला. आप्पा पाकिटांवर विश्वास ठेवत नाहीत. लोकरीच्या व्यापाऱ्यासमोर ते जी परीक्षा करतात ती त्यांनी केली : धागा जाळायचा, केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात भुगा झाली तर लोकर, टणक थेंब झाला तर नायलॉन. परीक्षा शास्त्रीय आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त धागा सदऱ्यातून वेगळा काढायच्या आधीच त्यांनी काडी ओढली. बाहीला सव्वा सेंटिमीटरचं भोक पडलं. आप्पांनी राख चुरगाळली, हुंगली आणि मान्य केलं, 'हाय. मेंढरूच हाय. पर लई गरीब हाय बिचारं, कुटं चरत व्हतं कुनाला ठावं.' मग विचारलं, 'नर का मादी?' पाकिटावर ते लिहिलेलं नव्हतं. ज्या पाकिटावर नर-मादी लिहीत नाहीत त्याला काय म्हणायचं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

(भोक मी रफू केलं आहे. थंडी आत येणार नाही. तरी यंत्रांना हात लावताना तीच बाही पुढे जाणार आहे, हे खरं.)

तिसरी गोष्ट पाणी न शिरणारी पँट. ती अकरा सेंटिमीटर लांब निघाली. अंबाजोगाईच्या दोन टेलरांनी कापडाला हात लावायला नकार दिला, तेव्हा कलीमभाईंकडे गेले. ते ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं आणि जीपची हुडं शिवतात. रेक्झिन शिवणाऱ्या माणसाला हे कापड म्हणजे मलमल. त्यांनी पँट टेबलावर पसरून जाहेदाचाचींना हाक मारली, 'देखो, बच्ची समंदर को जारी.' चाची म्हणाल्या, 'अकेली? हाय अल्ला, साथ कौन है?' मी म्हटलं, दोनशे माणसं आहेत. 'वो सब अनजान,' चाची म्हणाल्या, आणि हे बरोबर आहे. दोन दिवसांनी पँट मिळाली. लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक. तळाला पिवळं पायपिंग, कारण त्यांच्या दुकानातून पायपिंगशिवाय काहीही बाहेर पडत नाही, आणि मागे बैठकीला अर्धा इंच फोम. मी सांगितलं की माझं काम उभ्याने आहे. कलीमभाई म्हणाले, 'हौ बेटा, लेकिन कभी तो बैठेगी.' शिवणीच्या भोकांतून पाणी जाईल म्हणून त्यांनी आतून पंक्चरचं सोल्युशन फिरवलं होतं. (उरलेली ट्यूब मला दिली. पाकिटाचं रहस्य तेच.) मी घरी पँट घालून मेंढरांच्या हौदात वीस मिनिटं उभी राहिले. पाण्याचं तापमान एकोणीस अंश, आत शिरलेलं पाणी शून्य. या प्रयोगाचं चित्रीकरण तुझ्या भाच्याने, म्हणजे आमच्या रामेश्वरने केलं आणि 'योगिताताई बर्फाचा सराव करताना' म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकलं. हौदाभोवती मेंढ्या ताटकळत उभ्या दिसतात. पाणी पिऊ न देणारी बाई म्हणून मी आता प्रसिद्ध आहे.

आता मूळ अडचण. यादीबरोबर एक वेगळा कागद आला आहे. तिकडच्या बर्फावर बाहेरचं काही रुजू नये म्हणून जहाजातून उतरण्याआधी प्रत्येकाचे कपडे तपासतात. एक बी, मातीचं ढेकूळ, जनावराचा केस, काहीही चालत नाही. खिसे उलटे करायचे, शिवणी चिमट्याने साफ करायच्या आणि 'माझ्या सामानात असं काही नाही' म्हणून सही करायची. ज्याच्याकडे सापडेल त्याला उतरू देत नाहीत. माझी दोन यंत्रं किनाऱ्यावर लावायची आहेत, म्हणजे उतरू दिलं नाही तर मी सहा आठवडे नुसती बोटीत बसून येणार. (कलीमभाईंचा फोम कामी येईल.) हा कागदही मी घरात वाचला. आई म्हणाली, 'मंजी पाय धुऊन घरात यायचं. त्यात काय येवडं? न्हाई म्हनलं तरी आपुन बी सांगतोच की.' इतका थोडक्यात सारांश जहाजवाल्यांनाही जमला नसता. मला वाटलं, हिला कळलं.

दुसऱ्या दिवशी जाकिटाच्या पहिल्या खिशात ज्वारी मिळाली. मेंढरं घेऊन लांब चरायला निघणाऱ्याच्या खिशात घरची चिमूटभर ज्वारी घालायची, ही आपली रीत; रिकाम्या खिशाने वाटेला लागू नये. माझ्या जाकिटाला अकरा खिसे आहेत. आईने अकराही भरले, कारण एक भरून दुसरा रिकामा ठेवणं तिला पटलं नाही. मी अकराही रिकामे करून झटकले, धूळ ओढायच्या यंत्राने साफ केले आणि तिला कागद पुन्हा वाचून दाखवला. तिने मान डोलावली. त्यानंतर पँट उजेडात धरली तेव्हा कमरपट्ट्यात एक छोटा शिवलेला कप्पा दिसला. कलीमभाईंना आईने परस्पर निरोप धाडला होता. आत सतरा दाणे. मी त्यांना फोन केला तर म्हणाले, 'माँ का काम था बेटा, मैं क्या बोलता?' (दाणे मी काढले, कोंबडीला घातले आणि कप्पा होता तसा शिवून टाकला. संस्कृती, हे वाचलंस तर तुझी खैर नाही.)

आणि आता घोंगडी. आत्या, इथे मी जरा सावकाश लिहिते.

गेल्या शुक्रवारी आप्पांनी नवी घोंगडी आणली. आपल्याच मेंढरांची काळी लोकर, त्यांनी स्वतः निवडून कातायला दिलेली, वर चिंचोक्याची खळ. मला न विचारता, कुणाला न सांगता करवून घेतली होती. माझ्या भरलेल्या बॅगेवर ती ठेवली आणि बाजूला उभे राहिले. तुला माहीत आहे, रामेश्वर पहिल्यांदा मेंढरं घेऊन बालाघाटाकडे गेला तेव्हा त्याच्या खांद्यावर त्यांनी अशीच टाकली होती. मी अंबाजोगाईला तंत्रनिकेतनात गेले तेव्हा टाकली नव्हती, पुण्याला गेले तेव्हाही नाही. शिकायला जाणं, नोकरीला जाणं हे त्यांच्या हिशेबी 'जाणं' नव्हे. हे होतं.

मी काय केलं, ते सांगते. मी घोंगडी ताणकाट्याला अडकवली. दोन किलो नऊशे ग्रॅम. (काटा मी आधी पाण्याच्या बाटल्यांनी तपासून घेतला होता, चूक पन्नास ग्रॅमच्या आत आहे.) मग एक वीत जागा आखून त्यातली कुसळं मोजली. सदतीस. लांबी-रुंदीने गुणून सांगितलं, एकूण दोन हजारांच्या आसपास. चिंचोका हे बी आहे पण शिजवलेलं, त्याबद्दल नियमात उल्लेख नाही, हेही सांगितलं. आई होती, रामेश्वर होता, बंकटकाका होते. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मंजी आपली मेंढरं घान हायती?' मी म्हटलं, प्रश्न घाणीचा नाही, परक्या बियांचा आहे. हे उत्तर बरोबर होतं. त्यांनी घोंगडी काढली, खांद्यावर टाकली आणि शेतातल्या मेंढवाड्यावर गेले. आज चौथा दिवस. जेवण तिथेच जातं. मी दोनदा गेले. पायांना रोग आलेल्या मेंढीबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. रविवारचा विषय काढला की उठून पाणी पाजायला जातात, मेंढरांना तहान असो वा नसो.

माझे आकडे बरोबर होते, आत्या. मी पुन्हा तपासले.

बॅग बावीस किलो सातशेवर बंद झाली आहे. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला गरम वाळूचा शेक चालू ठेव, पण गुडघा त्यासाठी चुलीपाशी नेऊ नकोस, वाळू गुडघ्यापाशी आण. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, संस्कृतीला अभ्यास.

तुझी भाची,
योगिता

ता. क. तुला वाटलं असेल, ही एवढं लांबलचक पत्र कपडे सांगायला का लिहिते. आत्या, शनिवारच्या आत ये. आप्पा जगात एका माणसाला घाबरतात आणि ती तू आहेस. लहानपणी दोन कोकरं हरवली तेव्हा तू त्यांना तुरीच्या काडीने मारलं होतंस, हे ते अजून सांगतात. त्यांना रागावू नकोस. जहाजाचं, घोंगडीचं काही काढू नकोस. फक्त त्यांच्यासमोर मला विचार, 'कधी निघायलीस गं?' म्हणजे त्यांना तिथून उठता येणार नाही. ते 'जा' म्हणाले नाहीत तरी मी जाणार आहे, तिकीट आहे. पण तसं जायचं नाही.

ता. क. दुसरा, बुधवार, दुपारी तीन. बंकटकाका आज गेलेच नाहीत, दाढ ठणकते म्हणे, तेव्हा पाकीट मीच फोडलं आहे. वरचा ता. क. रद्द समज. घडलं ते असं. मी सकाळी कागद छापून आणायला अंबाजोगाईला गेले. मागे आप्पा घरी आले. त्यांनी रामेश्वरला तो बियांचा कागद वाचायला लावला. सगळा. दोनदा. मग माझी बॅग उघडून रिकामी केली आणि लोकर कातरण्याआधी मेंढरं धुतात त्या नाल्यावर सगळं नेलं. रिठ्याच्या पाण्यात घोंगडी धुतली, मेरिनोचे दोन्ही सदरे धुतले, जाकीट, पँट, हातमोजे, न उघडलेल्या पाकिटातले मोजे आणि केदारनाथ बघून आलेली टोपीसुद्धा. (तिचा रंग सगळ्यांना थोडा थोडा मिळाला आहे.) आणि मग मेंढपाळ माणूस वाळत घालतो तिथे वाळत घातलं : बांधावर, बाभळीवर आणि गवतावर. डिसेंबरातलं कुसळी गवत, आत्या. पिकून, वाळून, नुसतं कशाला तरी चिकटायची वाट बघत उभं असलेलं. कालपर्यंत कुसळं एका घोंगडीत होती, आता ती चौतीसही ओळींत आहेत. एका मोज्यात चौसष्ट मोजली आणि मोजणं थांबवलं.

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. बाह्या अजून ओल्या. म्हणाले, 'बघ आता. एक कन बी घान हाय का? नीट बघ, तुझ्या यंत्रानं बघ.' मी घोंगडी दोन्ही बाजूंनी उलटून बघितली. मी म्हटलं, 'एक कण नाही, आप्पा.' मोजमापात मी जाणूनबुजून केलेली ही पहिली चूक. त्यांनी घोंगडी घडी करून माझ्या खांद्यावर टाकली. खळ आणि माती धुऊन गेल्यावर तिचं वजन दोन किलो साडेतीनशे भरतं. फोम उसवला, एक स्वेटर काढला, बंकटकाकांची वर्तमानपत्रं काढली. आता काटा बरोबर तेवीसवर येतो.

ता. क. तिसरा. तेव्हा आता तुझं काम वेगळं, आणि पत्र आजच रामेश्वर आणून देईल. आप्पांना काही सांगायचं नाही, पण यायचं मात्र शनिवारी नाही, उद्याच. चष्मा आण, भुवयांचा चिमटा आण आणि संस्कृतीला आण, तिची नजर कोवळी आहे. घरी बसून कुसळं काढली तर आप्पांना दिसेल, म्हणून 'कलीमभाईंकडे पायपिंग दुरुस्त करायचं आहे' असं सांगून सगळं सामान जाहेदाचाचींच्या घरी न्यायचं ठरवलं आहे. चाचींनी आणि त्यांच्या लेकीने, इरमने, दोन्ही सदरे स्वतःकडे घेतले आहेत. जाकीट तुझ्या वाट्याला. मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्या कागदावर खरी सही करायची आहे.

ता. क. शेवटचा. आता आप्पांनी विचारलं, परत कधी. मी म्हटलं, अठ्ठावीस जानेवारी, पण समुद्र खवळला तर एक-दोन दिवस मागेपुढे. 'मंजी आपल्या मेंढरावानीच,' म्हणाले. कोळसा घेतला आणि मेंढवाड्याच्या भिंतीवर, जिथे गाभण मेंढ्यांच्या व्यायच्या तारखा लिहितात, तिथे लिहून ठेवलं. वर तीन मेंढ्या आहेत, चौथी मी. क्रमाबद्दल माझी हरकत नाही. त्यांच्या तारखा आधीच्या आहेत.